त्या मुलाकडे नको, गाडीकडे बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत, घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवतात. पाच आठवड्यांपूर्वी पती गाडी चालवत होते आणि त्या शेजारी बसल्या होत्या. चौकात सिग्नल तोडून आलेली गाडी त्यांच्याच बाजूने येऊन आदळली. ताईंचं उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. हॉस्पिटलचं बिल ८५ हजार. त्यांच्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज १ लाख १० हजार, ती गॅरेजमध्ये तशीच उभी आहे. गुन्हा नोंदवला गेला आहे. समोरचा मुलगा २३ वर्षांचा. त्याने गाडी सेकंडहँड घेतली, अजून नावावर केलेली नाही, आणि ‘विमा संपलाय’ असं तोच सांगतो. आईला घेऊन तो दोनदा घरी आला. ४० हजार घ्या आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टँप पेपरवर लिहून द्या, अशी त्यांची विनंती आहे. (त्याची गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहे.) दीर म्हणतात, मिळतंय ते घ्या, उघड्यापाशी नागडं गेलं अन् रात्रभर थंडीनं मेलं. पती म्हणतात, चूक त्याची, मग आपल्या विम्यावर क्लेम टाकून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, कशाला घालवायचा? ताईंचे प्रश्न असे: विमा नसलेल्या माणसाकडून खरंच काही वसूल होतं का? ४० हजार घ्यावेत का? आणि इंटरनेटवर वाचलेलं ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हर आपल्याकडे असतं का?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंत. त्याची गाडी अजून पोलीस ठाण्यात आहे. दोन दिवसांत दोनदा तो मुलगा आईला घेऊन तुमच्या दारात का आला, याचं उत्तर बहुतेक त्या कंसातच आहे.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, अपघातात कोणी जखमी झालं असेल आणि धडक देणाऱ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्यांचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, नसेल, तर मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय कोर्ट ती गाडी सोडत नाही. तारण दिलं नाही, तर जप्तीनंतर तीन महिन्यांनी तिचा लिलाव करून पैसे अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात तिथे, जमा करायचे असतात. दिल्लीत हा नियम आधीपासून होता. बाकीच्या राज्यांनीही तसा नियम करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये उषा देवी यांच्या प्रकरणात सांगितलं.

आता तुमचा ‘काही तक्रार नाही’ असा कागद त्याच्या किती कामाचा आहे ते बघा. तो कोर्टात दाखवून ‘भरपाईचा प्रश्न मिटला, गाडी सोडा’ असं सांगता येतं. मुलगा लबाड आहे असं माझं म्हणणं नाही, त्याच्या वकिलाने त्याला बरोबर सल्ला दिला आहे इतकंच. पण तुमच्या हातात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि त्याला माहीत आहे, अशी ही बोलणी चालली आहेत.

मी बरीच वर्षं क्लेमची कामं केली. विम्याशिवायच्या केसमध्ये पहिल्या भेटीत लोक विचारतात, ‘त्याच्याकडे आहे काय?’ हाच प्रश्न तुमच्या दिरांचा. मी उलट दोन प्रश्न विचारत असे. गाडी कुठे उभी आहे, आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव कोणाचं? पहिल्याचं उत्तर तुम्ही दिलंत. दुसऱ्याचंही दिलंत, फक्त त्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला नाही. तुम्ही लिहिता, ‘जुन्या मालकाने तर गाडी विकून टाकली, त्या बिचाऱ्याचा काय संबंध?’ संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितलं आहे की, गाडी पुढे कितीही हात बदलत गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तेव्हा तुमचा दावा २३ वर्षांच्या पोरावर एकट्यावर नाही. तो चालक म्हणून येईल, जुना मालक मालक म्हणून येईल. ‘उघड्यापाशी नागडं’ म्हणण्याआधी हा दुसरा माणूस कोण आहे, तो काय करतो, त्याचं घरदार कुठे आहे, हे तरी बघू या.

(गाडी विकून नावावर करून न देणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.)

त्याहून आधीचा एक प्रश्न आहे. विमा खरंच नाही का? हे तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्या मुलाने. त्याला तरी नक्की माहीत असेल असं नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र वर्षाचाच घेता येतो. वर्ष सरलं की मोबाईलवर ‘तुमची पॉलिसी संपली’ असे मेसेज येऊ लागतात आणि माणूस समजतो, सगळंच संपलं. तुम्हाला हवा असलेला भाग, म्हणजे थर्ड पार्टी, त्या वेळी चालूच असू शकतो. म्हणून आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख बघा. दुसरं असं की, गाडी विकली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे ती नव्या मालकाकडे गेली असं धरलं जातं. ‘विमा माझ्या नावावर नाही’ आणि ‘विमा नाही’ यांत फरक आहे. आणि मुलाकडे लायसन्स नव्हतं असं निघालं, तरी बहुतेक वेळा विमा कंपनीला तुम्हाला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला कोर्ट सांगतं.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या साइटवरही शोधता येतं. पण त्यावर विसंबू नका, नोंदी मागेपुढे होतात. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. गाडीचे, चालकाचे आणि विमा कंपनीचे तपशील जखमी व्यक्तीला देणं कलम १६० प्रमाणे पोलिसांवर आणि आरटीओवर बंधनकारक आहे. पॉलिसी हाती आली, तर तिच्यावरची फक्त तारीख बघू नका, वेळही बघा. दुपारी धडक आणि संध्याकाळी ऑनलाइन घेतलेली पॉलिसी, असे नमुने मी पाहिले आहेत.

आता धरून चालू की विमा खरंच नाही. तरीही दावा टाकता येतो. विमा नसणं हा त्याचा वेगळा गुन्हा आहे, पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याने तुमचा हक्क कमी होत नाही, फक्त पैसे द्यायला कंपनीऐवजी माणूस समोर उभा राहतो. कलम १६६ खाली अर्ज करायचा. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, तुम्हाला सोयीचं असेल त्या न्यायाधिकरणात. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आहे, पण त्या भरवशावर सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका. पोलिसांनीही ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, तोच अर्ज म्हणून धरता येतो. पाच आठवडे झालेत, तेव्हा तो कुठवर आला आहे हे तपास अधिकाऱ्याला विचारा.

मागायचे किती? इथे मला तुमच्या ४० हजारांवर जरा थांबायचं आहे. हॉस्पिटलचंच बिल ८५ हजार आहे, हे तुम्हीच लिहिलंत. त्यात बंद पडलेलं शिवणकाम नाही, फिजिओथेरपी नाही, प्लेट काढायची झाली तर तो खर्च नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अजून कोणालाच माहीत नाही: तुमचं मनगट किती वळणार आहे? हाड जुळून काही महिने गेल्यावर डॉक्टर ते मोजून अपंगत्वाचं प्रमाणपत्र देतात. समजा, १० टक्के कायमचं नुकसान निघालं. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही. पण उजव्या हाताने कात्री चालवणाऱ्या, काजं आणि हातशिलाई करणाऱ्या बाईचं बिघडतं. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) मध्ये हेच सांगितलं आहे की, शरीराचं नुकसान किती टक्के हे महत्त्वाचं नाही, त्याने कमाई किती घटली ते बघा. निकालातलं उदाहरणच तसं आहे. हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं.

तुमचं महिन्याचं उत्पन्न १२ हजार धरलं आणि कमाईतली घट १० टक्केच धरली, तर ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान जितक्या पटीने धरायचं तो आकडा, १५ आहे. १२,००० गुणिले १२ गुणिले १५, त्याचे १० टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार. यात बिल, बुडालेले महिने आणि वेदनांची भरपाई अजून धरलेली नाही. हे सगळं तुम्हाला मिळेलच असं मी म्हणत नाही. पण आजच सही करून देणं म्हणजे कापड मोजायच्या आधी भाव ठरवणं, आणि ते तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाबरोबर कधी करणार नाही.

उत्पन्न सिद्ध कसं करायचं याची काळजी तुमच्या पत्रात आहे. तुम्ही एक वही ठेवता असं लिहिलंय. नाव, माप, घेतलेली तारीख, द्यायची तारीख, ॲडव्हान्स. ती वही जपा. अपघाताच्या दिवशी तीत काय काय लिहिलेलं होतं आणि त्यानंतरची पानं कशी कोरी आहेत, हे न्यायाधीशांना एका नजरेत दिसतं. सोबत यूपीआयवर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट. ज्यांचे कपडे परत करावे लागले अशा दोन-तीन गिऱ्हाइकांची साक्ष. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची मूळ बिलं एका फाइलला. रिक्षाचे पैसेही तारखेनिशी लिहून ठेवा.

आणखी एक रस्ता आहे, कलम १६४ चा. चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच. ‘चूक सिद्ध करा’ ही दमछाक त्यात वाचते. पण हे पैसे घेतले की १६६ चा मोठा दावा सुटू शकतो, म्हणून दोन्हींची बेरीज-वजाबाकी वकिलाबरोबर बसून करा. त्याच बैठकीत हेही विचारा की, हा दावा आपल्याच गाडीच्या विमा कंपनीवर लागतो का? तुम्ही गाडी चालवत नव्हतात. तुमच्या पतींची पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही धरणारी, असेल, तर गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी तिच्यात येते. पॉलिसीच्या कागदावर ‘पॅसेंजर पीए’ (प्रवाशांचा अपघात विमा) अशी ओळ आहे का, तीही शोधा. १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो, तो तुम्हाला लागू नाही.

इथे एक अवघड गोष्ट सांगते. एखादा वकील कदाचित सुचवेल की, ‘मिस्टरांचीही थोडी चूक होती असं म्हणा, म्हणजे आपल्या विमा कंपनीकडून पूर्ण रक्कम घेता येईल.’ दोन्ही चालकांची चूक असेल, तर निर्दोष प्रवाशाला कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, हा कायदा खरा आहे. पतींचा वेग खरंच जास्त असेल तर तसं सांगायला लाजू नका. नवऱ्याची बाजू सावरायला म्हणून बायका स्वतःचाच दावा पातळ करतात, हे मी खूप पाहिलंय. पण सिग्नल हिरवा होता, वेग बेताचा होता, तर तेच सांगा. एफआयआरमध्ये एक आणि दाव्यात दुसरं असं निघालं, तर उलटतपासणीत दोन्ही जातं.

‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हरचं विचारलंत, ती अमेरिकेतली गोष्ट आहे. तिकडे समोरच्याचा विमा नसला की आपलीच कंपनी त्याच्या जागी उभी राहते. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत तसं कलम नाही. आपल्याकडे त्याचं काम थोडंफार ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा करतो. म्हणून आता पतींना हा भाग वाचायला द्या.

साहेब, चूक कोणाची हे ओडी क्लेममध्ये बघतच नाहीत. तुम्ही हप्ता भरलात तो याचसाठी. नो क्लेम बोनस जाईल म्हणता, तर हिशेब मांडू. बोनस फक्त ओडीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. तुमचा ओडी हप्ता ९ हजार आणि बोनस ३५ टक्के आहे असं धरू. क्लेम नाही टाकला तर पुढच्या वर्षी ४५ आणि मग ५०, तिथेच थांबतो. टाकला तर शून्यावरून २०, २५, ३५, ४५ असा परत चढतो. पाच वर्षांतला फरक जोडला तर एका हप्त्याच्या १२० टक्के होतो, म्हणजे १० हजार ८००. तेवढे वाचवायला तुम्ही १ लाख १० हजारांचं बिल खिशातून भरायला निघालात. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी निम्मी घट धरेल, हजार-दोन हजार सक्तीचे कापेल, तरी हिशेब फिरत नाही. पाच आठवडे उशीर झाला आहे, म्हणून आजच कळवा आणि उशिराचं कारण लिहून द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, अशी विमा नियामकाची २०११ची सूचना आहे. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याला पान्हा लावू देऊ नका. कंपनीने कापलेली रक्कम त्या मालकाकडून मागता येते. कंपनीने दिलेली पुन्हा मागता येत नाही, ती वसूल करायचा हक्क आता कंपनीचा. आणि म्हणूनच तो ‘काही तक्रार नाही’चा कागद आणखी धोक्याचा आहे. कंपनीचा हक्कच तुम्ही परस्पर सोडून दिलात, असं म्हणून ती तुमचा क्लेम अडवू शकते.

दीर पूर्ण चुकले आहेत असंही नाही. निकाल लागणं आणि पैसे हातात येणं यांत विम्याशिवायच्या केसमध्ये मोठं अंतर असतं. न्यायाधिकरणाचा निकाल दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. वर व्याज चालू राहतं. पण माणसाच्या नावावर काहीच नसेल, तर कागद कागदच राहतो. माझ्या एका पक्षकाराकडे असा निकाल सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्याने दावा टाकायच्या आधीच ती गाडी सुटून भंगारात गेली होती. म्हणून तर गाडी-गाडी करतेय. जुन्या मॉडेलचे लिलावात फार येणार नाहीत, पण जे येतील ते खरे पैसे असतील. आणि गाडी सोडवायची म्हणून मालकाने तारण दिलं, तर त्याहून बरं.

माझं मत विचाराल तर असं आहे. सोमवारी दोन कागद द्या: विम्याच्या तपशिलासाठी पोलिसांना अर्ज, आणि ‘तारणाशिवाय गाडी सोडू नये’ असा अर्ज वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. ‘मिळालेल्यातला अमुक टक्के माझा’ म्हणणाऱ्या वकिलापासून लांब राहा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. मग दावा दाखल करा. तडजोड त्यानंतरही करता येते, आणि तेव्हा ती चांगली होते. लोकअदालतीत हप्ते ठरवून लेखी झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. घरच्या टेबलावरच्या स्टँप पेपरला ते बळ नाही. हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक घेतलेत आणि एखादा वटला नाही, तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते, हे लक्षात ठेवा.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी दोन ओळी. अपघात नुकताच झाला असेल, तर ५ मे २०२५ पासून कॅशलेस उपचारांची योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचा खर्च, समोरच्याचा विमा असो वा नसो. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये दाखल होताना मागा, डिस्चार्जच्या वेळी नाही. आणि धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. ताई, ही मदत तुम्हाला लागू नाही, तुम्हाला धडकलेली गाडी सापडली आहे.

त्या आईबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत. ती रडली, तुम्ही चहा केलात, एका हाताने. तुम्हाला वाटतं, दावा टाकला तर पोराचं आयुष्य बिघडेल. ताई, भरपाईचा दावा आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात कोणी तुरुंगात जात नाही. खटल्यात शिक्षेबद्दल मवाळ व्हायचं असेल तर तिथे व्हा, तो तुमचा मोठेपणा. तुमच्या मनगटाचा खर्च मात्र त्या मोठेपणात घालू नका.

ती परत आली, तर तिला पुन्हा चहा द्या. आणि सांगा, पुढच्या वेळी येताना आरसी, पॉलिसीचा असेल तो जुना कागद, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाही सोबत घेऊन या.